झाकण

ये इराण्णा. चप्पल बाहेर, टोपी राहू दे.
काय बघालास? हीच मशीन.
कागदावर लिहिलंय: कार्बन डायऑक्साइड, ऐंशी वॅट,
तरंगलांबी दहा पूर्णांक सहा मायक्रॉन.
ऐंशी वॅट म्हणजे मोरीतल्या जुन्या बल्बाएवढं, असंच वाटतंय ना?
मलाही वाटलं होतं.
बल्ब सगळ्या भिंतींना वाटून देतो,
ही सगळं टाचणीच्या टोकावर ठेवते.

लाल ठिपक्याला घाबरू नको.
तो नुसता वाटाड्या, वर्ग दोन.
डोळ्यात गेला तर पापणी आपणहून मिटते, तेवढ्यात भागतं.
कापणारा दुसरा. तो दिसत नाही.
दिसतो धूर, आणि प्लायवूडचा काळा पडत गेलेला काठ.
इथं उद्यमबागेत शेजारच्या फाउंड्रीत ओतकाम असलं
की आमचा पत्राही तांबडा होतो,
त्यांना त्यांची आग समोर असते.
आमच्या आगीकडं डोळा बघतो
आणि काही नाही म्हणतो.

झाकण पाडलं की वर्ग एक.
चहाच्या पोऱ्यानं नाक लावलं तरी चालतंय.
काच नव्हे ती, अ‍ॅक्रिलिक:
तुला आरपार, त्या किरणाला भिंत.
झाकण उघडं आणि किरण चालू, तर वर्ग चार.
चारच्या पुढं पाचवा नाही.
नळी तीच, वॅट तेवढेच.

हा स्विच बघ. झाकण उचललं की किरण तोडतो.
त्याच्या शेजारी डिंकाचा डाग आहे,
तिथं मॅग्नेट होता.
स्विचला वाटायचं, झाकण बंदच आहे.
कुणी लावला, विचारालास?

लग्नसराई होती. निपाणीची साडेचारशे कार्डं,
जाळीतली एकेक पाकळी चिमट्यानं उचलायची,
उघड, पाड, उघड, पाड.
भरमा म्हणाला, वैजूताई, वेळ लई जातोय.
डिंक माझ्या ड्रॉवरमधला.
कार्डं वेळेत गेली,
मॅग्नेट राहिला.

पुढं ज्येष्ठात दोघं भाऊ दाराची पाटी घेऊन आले, पितळेची.
कन्नड वर की मराठी वर,
अक्षर कुणाचं मोठं,
काउंटरवरच जुंपली त्यांची.
मी मधे फूटपट्टी धरून उभी.
आत भरमानं पितळ तसंच ठेवलं, काळी पेस्ट न लावता,
आणि वाकला, कोरतंय का बघायला.
पितळ हा किरण घेत नाही गा,
परत पाठवतं.
कुठल्या दिशेला, ते सांगून पाठवत नाही.

वाळू गेल्यासारखं वाटतंय म्हणाला.
मी पाणी मारत बसले, वाळूच असल्यासारखं.
वरचं पटल भाजलं होतं. बरंचसं भरून आलं.
आता खानापूर रोडला मेव्हण्याच्या बेकरीत गल्ल्यावर असतो,
नोट उजव्या डोळ्याजवळ नेतो.
मी गेले की चहा सांगतो.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चष्मा घे. पांढराच आहे, काळा शोधू नको,
दांडीवरचा आकडा तेवढा वाच: दहा हजार सहाशे.
पीव्हीसी कापून द्या म्हणून कुणी आलं
तर तुझ्याच भाषेत सांग, ब्याड.
क्लोरीन सुटतो, छातीत बसतो.
गिऱ्हाईक जाऊ दे.
मशीन चालू ठेवून लघवीलासुद्धा जायचं नाही,
लाकूड पेटतं.

मॅग्नेट टाकला नाही मी.
कपाटावर बघ, ऑर्डरच्या चिठ्ठ्या धरून बसलाय.
वरची काढ.
संकेश्वरची शाळा, चाळीस बिल्ले, दोन्ही लिप्या.
कन्नड तू तपास, मराठी मी,
उंची सारखीच ठेव, मिलिमीटरनं मोजून.
पाणी फिरतंय का, नळीला बोट लाव.
गार आहे? बरं.
आता झाकण पाड.

टक् झालं का?
नाही झालं.
परत पाड.